उभं वाचायचं राहिलं

"मावशी, उद्या आमच्याकडं भूल द्यायला कोण आहे?"

"आहे की. तुमची नेहमीची. तक्त्यात बघा ना."

"ती इथंच समोर उभी आहे. म्हणते, उद्या माझी परीक्षा."

"मग मोठ्या हॉस्पिटलातून बदली येईल. तळाशी नाव लिहिलंय मी."

"त्यालाही फोन लावला. तो म्हणतो, सिस्टर, माझीपण तीच परीक्षा."

मावशीच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

"मावशी? आहात का गेलात?"

"आहे. बघते."

"लवकर बघा. वॉर्डात जुळ्याची बाई आहे. पहिलं मूल आडवं आहे, पोट कापावंच लागणार. आज-उद्यात कधीही. आणि आमच्या भुलेच्या मोठ्या सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालंय. ते शेजारी उभे राहून सांगतील, पण सुई काही हातात धरायचे नाहीत. बाईला दुसरीकडं न्यायचं तर दोन तासांचा रस्ता आहे."

छोट्या हॉस्पिटलातल्या सिस्टरनं फोन ठेवला तेव्हा शुक्रवारचे साडेदहा झाले होते. उद्या सकाळी आठला परीक्षेची मंडळी निघणार होती.

हिला चारही हॉस्पिटलांत तक्तेवाली मावशी म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलात अपघाताचे पेशंट भरपूर, दुसऱ्यात हृदयाची मशिनं, नदीपलीकडच्यात अगदी कमी दिवसांची बाळं. चौथं छोटं, तिथं नुसती बाळंतपणं. पण ती इतकी की दोन महिन्यांत शिकाऊ डॉक्टरचा हात बसतो. अख्खा डॉक्टर एकट्यानं घडवायची ऐपत कुणाचीच नाही. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी चौघांचे प्रमुख एकत्र बसले, डॉक्टर सामाईक शिकवायचे असं ठरवलं, चहा प्याले, फोटो काढला आणि गेले. कुठल्या तारखेला कुठला डॉक्टर कुठं असेल, ते टायपिस्ट बाईच्या गळ्यात पडलं. ती बाई ही.

तेव्हापासून दर महिन्याला ती भिंतभर कागद लावते. आडव्या ओळींत सेहेचाळीस डॉक्टर, उभ्या रकान्यांत तारखा. छोट्या हॉस्पिटलात भुलेचा शिकाऊ एकच, म्हणून प्रत्येक तारखेखाली, अगदी तळाशी, त्याच्या बदलीचं नाव. काढून झाला की तक्ता दोनदा वाचायचा, हा तिचा नेम. आधी आडवा, म्हणजे कुणाच्या सुट्टीवरून भांडण होत नाही. मग उभा, तारखेवर बोट ठेवून, वरून खाली, चारही हॉस्पिटलांची नावं मोठ्यानं घेत. शेजारच्या खोलीतले लोक म्हणायचे, मावशींची आरती चालू झाली.

या महिन्यात परीक्षेची तारीख उशिरा कळली. तोवर उभं वाचून झालं होतं. तिनं आडव्या ओळींत धडाधड 'परीक्षा' भरलं, तेवढ्यात दोन डॉक्टर सुट्टीवरून भांडत दारात आले, आणि परत उभं वाचायचं राहिलं.

आता तिनं उद्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि खाली आणलं. ओळीओळीनं बघितलं तर तक्ता बिनचूक. रकान्यानं बघितलं तर छोट्या हॉस्पिटलाच्या जागी भलंमोठं भोक. 

तिनं पहिला फोन मोठ्या हॉस्पिटलाच्या भूल विभागाच्या प्रमुखांना लावला.

"परीक्षा म्हणजे परीक्षा," ते म्हणाले. "आणि बाई, चौघांची मोट तुम्ही अजून किती दिवस बांधून ठेवणार? पुढच्या महिन्यात मीटिंग आहेच. ज्यानं त्यानं आपापले डॉक्टर सांभाळावेत, हे मी केव्हाचं म्हणतोय."

म्हणजे त्यांना आयतंच निमित्त मिळालं. ज्यानं त्यानं आपापलं सांभाळायचं ठरलं, तर छोट्या हॉस्पिटलाच्या वाट्याला भुलेचा डॉक्टर यायचा कुठून? मावशीनं पदरानं मान पुसली आणि नदीपलीकडच्या कारकुनाला फोन लावला. हा माणूस साधं 'बरं' सुद्धा लेखी द्या म्हणतो, म्हणून त्याचं नाव लेखीभाऊ.

"भाऊ, तुमची भुलेची तिसऱ्या वर्षाची ती उंच मुलगी. तिची परीक्षा मागंच झालीय ना? उद्या मला द्या."

"का म्हणून?"

"गरज आहे."

"गरज सगळ्यांनाच असते, बाई. एकोणीस वर्षं मला ऐकवलंत, भाऊ, तुमच्या कागदात घोळ असतो. आज कुणाच्या कागदात आहे?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"लेखी पाठवा," तो म्हणाला. "कारणासकट. त्याशिवाय आमचे साहेब सही करायचे नाहीत."

कारणासकट म्हणजे चारही हॉस्पिटलांच्या प्रमुखांना प्रत जाणार. तिनं टाइपरायटरमध्ये तीनदा कागद घातला. पहिल्यांदा लिहिलं, 'अपरिहार्य कारणामुळे'. फाडलं. दुसऱ्यांदा, 'परीक्षेची तारीख उशिरा कळल्याने'. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तेही फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'तक्ता उभा वाचायचा माझ्याकडून राहिला. छोट्या हॉस्पिटलात उद्या सकाळी आठपासून भूल द्यायला कुणी नाही. चूक माझी.' सही केली आणि लगेच फॅक्सनं पाठवून दिलं.

मग दुपार काही केल्या सरेना. फोन वाजला की ती पहिल्याच घंटीला उचलायची. दोन वाजता एकानं विचारलं, मावशी, माझा टॉवेल वसतिगृहात राहिला, कुणी आणेल का? एरवी तिनं त्याची बिनपाण्यानं केली असती. आज नुसतं "नाही" म्हणाली. पोरगा घाबरला.

पावणेपाचला उत्तर आलं. 'मंजूर. आठपर्यंत पोचेल.' खाली हातानं लिहिलेलं: 'आमच्या बाळांच्या खोलीत उद्या एक माणूस कमी. तेवढं लक्षात असू द्या.'

म्हणजे भोक बुजलं नव्हतं, नदीपलीकडं सरकलं होतं.

घरी नवरा घड्याळाचं यंत्र उघडून बसला होता. त्याचा दुरुस्तीचा धंदा. भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाला, "जेवायला बस. का माझी बदली टाकलीस कुठं?"

"गाडी बंद पडली तर?"

"कुणाची?"

"त्या मुलीची."

"मग ढकलेल. डॉक्टर आहे, हातपाय धड असतील." मग भिंग काढून त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि ताट आपणच वाढलं. तिनं चार घास खाल्ले.

शनिवारी ती सातलाच ऑफिसात येऊन बसली. आठ वाजले. आठ पाच. लावायला गेली आणि फोन परत ठेवला. सिस्टर कामात असल्या तर? आठ बाराला तिनंच लावला. कुणी उचलला नाही. आठ वीस. डोळ्यांपुढं ती न पाहिलेली बाई, तिचं तट्ट पोट आणि दोन तासांचा रस्ता.

आठ सत्तावीसला फोन वाजला.

"आली हो तुमची उंच," सिस्टर घाईत बोलत होती. "हात धुतेय. बाईला टेबलावर घेतोय. ठेवते."

"काय झालं ते कळवा मला."

पण फोन ठेवला गेला होता.

मावशीनं तक्त्यात आजच्या तारखेखाली उंच मुलीचं नाव लिहिलं. मग लेखीभाऊला फोन केला. "पोचली. तुमच्या बाळांच्या खोलीत कसं आहे?"

"ओढतोय कसंबसं. दुपारपर्यंत सोडा तिला."

"लेखी देऊ?"

"नको," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं पुढच्या महिन्याचा कोरा कागद भिंतीला लावला, पट्टी घेऊन रेघा मारल्या, ओळीओळीनं नावं भरली. दारात एक डॉक्टर येऊन उभा राहिला. "मावशी, माझ्या सुट्टीचं जरा..."

"नंतर."

"एकच मिनिट..."

"आधी मला हे वाचू दे," ती म्हणाली, आणि पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. फोन तिनं कोपराजवळ ओढून ठेवला होता.