बरी झाल्याची साक्ष

आमच्या मुदखेडच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. प्रार्थनेची विनंती चिठ्ठीवर लिहून पाळकांकडे द्यायची. मंडळी त्या माणसासाठी रोज प्रार्थना करते, आणि दुखणं गेलं की रविवारच्या उपासनेत उभं राहून देवानं बरं केल्याची साक्ष द्यायची. साक्ष झाली की चिठ्ठी काढून टाकतात. मग तेच दुखणं घेऊन कुणी परत येत नाही. बंदी नाही, पण जीभ रेटत नाही.

धाकटी बहीण लातूरची नोकरी सोडून माझ्याकडे आली, तेव्हा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी चिठ्ठी लिहिली. शुक्रवारी दोघींचा उपास, बुधवारी मंडळीतल्या बायका येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या, आणि रोज संध्याकाळी एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं. याचा तिला गुण आला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. विलापाची स्तोत्रं तिला फार आवडली. "देवाला असं भांडलेलं चालतंय व्हय?" तिनं विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण भात मुरायच्या आत झाकण काढून बघणारी बाई मी. दोन महिने ती नीट जेवली, झोपली, तर मी म्हणाले, "येत्या ऐतवारी साक्ष दे."

"थोडं थांबू की, ताई."

"देवानं केलेलं झाकून ठेवत्यात का?"

ती उभी राहिली. प्रभूनं मला पूर्ण बरं केलं, म्हणाली. 'पूर्ण' हा शब्द मीच घातला होता. हालेलूया झालं, त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. नंतर पाळकांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या सोडू नका." मी मान हलवली. आणि घरी तिच्या उशाशी गोळ्या दिसल्या तेव्हा म्हणाले, "आता ह्या कशाला?" दुसऱ्या दिवसापासून त्या दिसल्या नाहीत.

पुढच्या काही आठवड्यांत ती फार शहाण्यासारखी वागू लागली. कपाट आवरलं. चांगल्या दोन साड्या शेजारणीच्या मुलीला दिल्या. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं, "तुलाच जास्त लागतंय." आपली सगळी कागदपत्रं एका पिशवीत घालून माझ्या कपाटात नेऊन ठेवली. संध्याकाळी आता फक्त स्तुतीची स्तोत्रं वाचायची, एका सुरात. झोपेचं विचारलं की "हाव, झोपले की." मी मात्र बायकांना सांगत सुटले, बघा, माया कशी सुटत चालली तिची! आता आठवलं तरी माझीच मला चीड येते.

एका बुधवारी पाळकांच्या बायकोनं साड्यांची गोष्ट ऐकली. हातातला चहा तसाच खाली ठेवला. "हिला आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या."

साक्ष झालेली पोरगी परत डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील, असं मी खरोखर म्हणाले.

"लोकांचं मी बघते. तुम्ही चपला घाला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच रिक्षा बघायला बाहेर पडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरी हाय. प्रभूची कृपा हाय."

"जीव नकोसा होतो का कधी?"

तिनं डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतच सगळं कळलं होतं, तरी मी म्हणाले, "सांग की त्यांना."

"ताई, तू जरा बाहेर बस," ती हळू म्हणाली. "तू समोर असलीस की मला बरंच असावं लागतंय."

मी उठले. बाहेर येऊन दार मीच ओढून घेतलं.