धुळ्याला जोतीचा फॉर्म द्यायला

पौष महिना होता. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं गावाहून जळगावला निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत भरताची आठ वांगी. कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही माझ्या बायकोची शिकवण. तिला जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. वांगी मीच तोडली, मीच भरली. ती असती तर देठांना ओलं फडकं गुंडाळलं असतं. मला हे तापीचा पूल ओलांडल्यावर आठवलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहावा असा प्रवासही कधी केला नाही. पण यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमची नात घरी का नव्हती, असं भाऊबंद अजून विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगायचा मला कंटाळा आहे. म्हणून एकदाच लिहितो.

जोती माझी नात. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. मुलगा वरणगावला कारखान्यात, पाळीची नोकरी, त्यानं पोर कशी सांभाळायची. म्हणून ती आमच्याकडंच वाढली. माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची. आता जळगावला धंद्याचं मोठं शिक्षण घेते आणि पिंप्राळ्यात दोन मुलींबरोबर खोली करून राहते. तिच्या कॉलेजातून एकाच मुलाला किंवा मुलीला सहा महिने जर्मनीला शिकायला पाठवणार होते, त्यात तिचं नाव निघालं. हे काम बघणारे सर सुटीला धुळ्याला आपल्या घरी होते आणि सोमवारी सगळे फॉर्म घेऊन मुंबईला जाणार होते. फॉर्मवर घरच्या मोठ्या माणसाची सही सरांसमोर लागत होती. मुलाला रजा मिळेना. राहिलो मी.

जळगावच्या स्टँडवर जोती उभीच होती. वाळली होती. मला म्हणाली, "आबा, स्वेटर कुठाय?"

"सापडला नाही."

"अक्काच्या पेटीत असतो."

ती पेटी मी अजून उघडली नव्हती. तिला म्हणालो, चल, गाडी लागली.

धुळ्याची गाडी भरलेली होती, पण खिडकीची जागा मिळाली. एरंडोलपर्यंत जोतीनं मला फॉर्म वाचून दाखवला. सगळा इंग्रजी. तिथं कोणकोणते विषय शिकायचे ते आधीच लिहून द्यायचं असतं. सहा विषय होते, त्यातले चार घ्यायचे. जाहिरात कशी करायची, माणसं कशी सांभाळायची, असले. एक विषय होता नाशवंत माल लांबच्या बाजारात कसा पोचवायचा त्याचा.

"तो घे," मी म्हणालो. "चाळीस वर्षं केळी दिल्लीला पाठवतोय. इथून हिरवी जाते, तिथं काळी उतरते. मधे काय होतं ते मला अजून कोणी सांगितलं नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "बघू."

मग राहायच्या जागेचं. दोन प्रकार होते. एक म्हणजे एकटीची खोली, चूल आपली आपली. दुसरी जागा सहा पोरांची मिळून, खोल्या वेगळ्या पण स्वयंपाकघर एक. जोतीनं पहिल्या चौकोनात खूण केलेली होती.

"दुसरीकडं काय शिजवतात?"

"सगळंच शिजवतात, आबा."

"मग बरोबर केलंस." आमच्या घरच्या चुलीवर अक्कानं कधी अंडं चढू दिलं नाही. मुलगा लहानपणी आजारी होता आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, तरीही नाही. तेव्हा मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

पारोळ्याच्या अलीकडं गाडीचं चाक बसलं. सगळे खाली उतरलो. रस्त्याला लागून एका शेतात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून ढीग लावत होते. उन्हात उभा राहिलो. त्या शेतातला माणूस बांधावर आला. पिशवीत डोकावून म्हणाला, "वांगी कुठली, आबा?"

"तापीकाठची."

"दोन ठेवून जा, इथंच भाजतो. पऱ्हाटी आहेच. चालले कुठं?"

"नात जर्मनीला चालली."

त्यानं गाडीकडं बघितलं. कंडक्टर जॅक फिरवत होता. "या गाडीनं?" म्हणाला. "मग वांगी तिथवर टिकायची नाहीत."

जोती त्या दिवसात तेवढी एकदा हसली. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

धुळ्याला पोचायला दुपार झाली. पांझरा नदीत पाणी थोडं, वाळू पुष्कळ. रिक्षावाल्यानं सरांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. सर तरुण निघाले, चाळिशीच्या आतले. घरात त्यांची म्हातारी आई. सरांची बायको माहेरी गेलेली. आईनं वांगी हातात घेऊन दाबून बघितली आणि मला म्हणाली, "देठ सुकी गयात, भाऊ. घरमा बाई नही का?"

"नाही," मी म्हणालो. "गेली."

"माले माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि वांगी घेऊन आत गेली.

सरांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. एका जागी थांबले. कागद उजेडाकडं धरला. मलाही दिसलं, तिथं कागद पात्यानं खरवडलेला होता. पातळ झाला होता.

"ज्योती, इथं एप्रिल होतं ना? आपण एप्रिल ठरवलं होतं. ऑक्टोबर कोणी केलं?"

"मीच, सर."

"ऑक्टोबरात तिथं सगळं जर्मनमधून शिकवतात. इंग्रजीतले विषय फक्त एप्रिलला. तुला काही कळणार नाही तिथं, आणि ते लोक हा फॉर्म घेणारच नाहीत. मग सांगू मी तुझी जागा दुसऱ्याला द्यायला?"

मी जोतीला विचारलं, "एप्रिलला गेलीस तर परत कधी?"

"श्रावणात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाजी त्याच्या मधे येते.

आमच्याकडं आखाजीला गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर खरबूज, पुढं सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर मोठी मानतात, आणि ती कोणी भरायची ते आमच्या घरात तेराव्याच्या पंगतीत चारचौघांत सांगतात. मी सांगितलं होतं, जोती भरेल. घरात सून नाही, आणि अक्काचा जीव हिच्यावर. बोललो आणि विसरलो. पोरीनं ते धरून ठेवलं होतं, आणि तेवढ्यासाठी आपला फॉर्म खरवडला होता.

"मला विचारायचंस," मी म्हणालो.

"तुम्ही पंगतीत शब्द दिलाय, आबा. सगळ्यांनी ऐकलाय. आणि अक्काला पाणी कोण देणार?"

शब्द मोडला तर भाऊबंद काय म्हणतील, हे मला पहिलं दिसलं. खोटं कशाला लिहू. पोरीचं नुकसान दुसरं दिसलं.

सरांची आई दारात येऊन ऐकत होती. हाताला राख लागलेली. म्हणाली, "मंग तुम्हीच भरा ना भाऊ घागर. तुमले हात नहीत का?"

"आमच्यात बायका भरतात."

"घरमा बाई नही, आते तुम्हीच सांगं ना. मंग कोन भरी? घागरले काय समजस, हात कोना ते?"

सर म्हणाले, "आई, तू जरा..." ती म्हणाली, "तू तुना कागद भर," आणि मला म्हणाली, "उठा. जेवाले बठा. भरीत व्हई गयं."

जेवायला चौघं बसलो. माझ्याच वांग्यांचं भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कांद्याची पात. म्हातारी वाढता वाढता सरांना बोलत होती, जोतीला म्हणत होती, किती बारीक झालीस, मला म्हणत होती, मिरची कमी टाकली, तुम्हा तापीकाठवाल्यांना सोसत नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या. दुसरी संपल्यावर ध्यानात आलं की सात आठवड्यांत मी एकदाही पुरी भाकरी खाल्ली नव्हती. घरी अर्धी मोडतो, पाण्याबरोबर ढकलतो, उरलेली गाईला देतो. समोर कोणी नसलं की घास फिरतो तोंडात. मला वाटत होतं माझे दात गेले म्हणून.

हात धुऊन आलो आणि सरांना म्हणालो, "एप्रिल लिहा."

जोती म्हणाली, "आबा."

"घागर मी भरीन. भाऊबंदांना मी सांगीन. आणि ती एकटीची खोली खोडा. सहा जणांची लिहा."

"आबा, तिथं सगळं शिजतं. अक्का असती तर..."

"अक्का नाही. शिजू दे काय शिजतं ते. तू तुझ्या भांड्यात शिजव. पण जेवताना समोर माणूस पाहिजे. एकट्यानं जेवणं काय असतं ते मला विचार."

ती रडली. सरांनी खिडकीकडं बघितलं. मी सही केली. तीन अक्षरं लिहायला मला वेळ लागतो, कोणी घाई केली नाही. त्या एका दुपारी मी बायकोच्या दोन गोष्टी मोडल्या, एक चुलीची, एक घागरीची, हेही मला ठाऊक होतं.

निघताना म्हातारीनं पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून घातली. म्हणाली, "पिशवी रिकामी धाडू नही." हे मला नवीन नव्हतं.

परतीची गाडी कुठं थांबली नाही. जळगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा जोती म्हणाली, "घागर कुठवर भरतात, माहीत आहे का?"

"काठोकाठ."

"नाही. चार बोटं कमी. नाहीतर वर खरबूज ठेवलं की पाणी सांडतं. अक्का बोटं आत घालून बघायची."

पन्नास आखाज्या मी घरात काढल्या. आई-वडलांच्या घागरी माझ्यासमोर भरल्या गेल्या. मी हे कधी बघितलं नव्हतं.

ती चैत्राच्या आधी गेली. आखाजीच्या चार दिवस आधी तिचं पत्र आलं. तो नाशवंत मालाचा विषय तिनं घेतला आहे. स्वयंपाकघरात मोठं टेबल आहे, एक पोलंडची मुलगी रोज समोर बसते, तिच्या ताटात काय असतं ते मी विचारत नाही, असं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, घागर पाटावर ठेवा, जमिनीवर नको.

मी पाटावर ठेवली. सांजोऱ्या भावजयीनं करून दिल्या. भाऊबंद आले, दोघं काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही. बिंदगीनं (पाणी आणायच्या लहान भांड्यानं) पाणी ओतत गेलो आणि थांबून चार बोटं आत घालून बघितली.

माझी बोटं जाड आहेत. अक्काची बारीक होती. तिच्या चार बोटांचं पाणी माझ्यापेक्षा वर असायचं. किती वर, ते आता कोणाला विचारू. अंदाजानं थोडं ओतलं, वर खरबूज ठेवलं. पाणी सांडलं नाही.