आडव्या बाटलीची आत्या

माझ्या मैत्रिणीच्या आत्याइतकं मन लावून रागावणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. बाकीचे लोक रागावतात आणि थंड होतात. आत्यांना थंड होणं माहीत नव्हतं. राजारामपुरीत त्यांचा शिवणक्लास होता. तिथल्या पोरी कापड कमी शिवायच्या आणि बोलणी जास्त खायच्या. सिटी बस उशिरा आली की आत्या बसवर चिडायच्या आणि वेळेवर आली की "आजच बरी उगवली टवळी!" म्हणून पुन्हा चिडायच्या. भाजीवालीनं चार काड्या कोथिंबीर जास्त टाकली, तर "मला भिकारीण समजलीस व्हय गं?" पहिल्या भेटीतच मला म्हणाल्या, "पावणं, जेवून जावा. न्हाय म्हणालासा तर तंगडं मोडून हातात दीन." मी भीतीनं पोट फुटेपर्यंत जेवलो. भाकरी अप्रतिम होती, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

मोबाइल अजून हौशी लोकांच्याच खिशात होते, त्या काळातली ही गोष्ट. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक माहितीपट करायचा होता. आत्यांचं माहेर, म्हणजे मैत्रिणीचं गाव, मुरगूडच्या पलीकडं. तिथल्या बायकांनी देशी दारूचं दुकान बंद करायला कंबर कसली होती आणि क्लासला कुलूप लावून आत्या त्यांच्या पुढे उभ्या राहिल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायकांनी सह्या करून मागणी केली, की सरकार बायकांचं मतदान घेणार. मतपत्रिकेवरच्या उभ्या बाटलीपेक्षा आडव्या बाटलीला मतं जास्त पडली, तर दुकान बंद. मैत्रीण म्हणाली, हाच विषय. कॅमेरा कॉलेजचा, चालवणारा मी. आत्या कॅमेऱ्यावरही रागावल्या. "ह्याला डोळा एकच? मग ह्याला अर्धंच दिसणार की!"

सह्या झाल्या. आता त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे तपासायला उत्पादन शुल्क खात्याचे साहेब येणार होते आणि प्रत्येक बाईनं समोर हजर राहायचं होतं. साहेबांनी दिवस कुठला काढावा? जोतिबाच्या चैत्री यात्रेचा! निम्मं गाव डोंगरावर गेल्यावर आदल्या संध्याकाळी चावडीवर नोटीस लागली. ती वाचताना माझंच डोकं फिरलं. आत्या मात्र न रागावता पदर खोचून डेअरीकडे निघाल्या. तेव्हा मला त्यांची खरी भीती वाटली.

पहाटे आम्ही डोंगराकडे निघालो. आत्यांनी डेअरीचा दुधाचा टेम्पो आणि दोन ट्रॅक्स गाड्या अक्षरशः दमदाटीनं मिळवल्या होत्या. वर गुलालात माणूस ओळखू येत नव्हतं. त्या गर्दीत आत्या एकेका बाईचं मनगट धरून ओढत होत्या. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं, अजून दर्शन झालं न्हाय!" आत्या म्हणाल्या, "देव हितंच ऱ्हातोय, म्हातारे. साहेब चाललाय!"

चावडीवर पोचलो, तेव्हा साहेब कागद गुंडाळत होते. टेम्पोतून गुलालानं माखलेल्या बायका धडाधड उतरल्या. साहेब म्हणाले, "वेळ संपली. आणि ह्या अशा अवतारात ओळख कशी पटवायची?" आत्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नळ बाहेर हाय. एकेक तोंड धुवून आणतो. ह्यांची तपासणी झाल्याबिगर तुमची जीप हलली, तर चाकाखाली मी हाय." साहेब कॅमेऱ्याकडे बघत खाली बसले. तोंडं धुतली गेली, नावं पटली, पुढं मतदान झालं, बाटली आडवी झाली आणि दुकानाला सील लागलं.

मग आमच्या विभागप्रमुखांनी फिल्म पाहिली. म्हणाले, "साहेबांचा भाग काढा. उगाच कॉलेजला त्रास." हे ऐकून आत्या थेट त्यांच्या केबिनमध्ये. "ताई, शांत व्हा," सर म्हणाले. "शांत बसलो म्हणूनच दुकान येवढी वर्सं चाललं!" साहेब फिल्ममध्ये राहिले, पण कॉलेजच्या महोत्सवातून फिल्मच वगळली गेली. गावात दाखवायचं ठरलं.

त्याआधी एडिटिंग बघायला आत्या आल्या. सुरुवातीलाच एक दृश्य होतं : उजाडताना दुकानासमोरची रांग, आणि त्यात हातात ग्लास धरलेले मैत्रिणीचे वडील. आत्यांचा धाकटा भाऊ. मैत्रिणीनं ते मुद्दाम ठेवलं होतं.

"ह्यो काढा," आत्या म्हणाल्या.

मैत्रीण भडकली. "का? आईनं सोसलं, ते कुणाला दिसायला नको? कुणाला भ्यायचं न्हाय, असं तूच म्हणतीस नव्हं?"

"भीत न्हाय गं. त्या साहेबाला लाज न्हाय, म्हणून त्याला दावायचा." आत्या पडद्यावरच्या भावाकडे बघत राहिल्या. "ह्याला हाय."

मैत्रिणीनं ते एकदा मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिनं स्वतःच्या हातानं ते दृश्य काढलं.

गावातल्या देवळापुढे चादर बांधून आम्ही फिल्म दाखवली. आत्या सगळा वेळ पडद्यावरच्या साहेबांना इतक्या मोठ्यानं शिव्या देत होत्या, की आमचं निवेदन कुणालाच ऐकू गेलं नाही. मैत्रिणीचे वडील अगदी मागे, खांबाला टेकून उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. फिल्म संपल्यावर ते हळूहळू पुढे आले.

"आक्का, ब्येस झालंय," ते म्हणाले. "मी कुठं दिसलो न्हाय की."

आत्या चादरीची गाठ सोडत होत्या. ती सुटेना.

"तू काय हिरो हाईस व्हय?" त्या म्हणाल्या.

इतक्या हळू आवाजात रागावताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही.