अकरा निबंध आणि एक आकडा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना सगळे 'कुठून मॅडम' म्हणत. कोणी प्रोजेक्टचा अहवाल घेऊन आलं की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पहिल्याच आकड्यावर बोट ठेवून विचारायच्या, हा कुठून आणला? 'नेटवरून' हे त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, स्वतः मोजलं की दुसऱ्याचं उचललं, लिहिणाऱ्याला काही विकायचं होतं का, हे कळल्याशिवाय कागद परत मिळत नसे. घरीही तेच. सासूबाईंनी शेजारणीच्या सांगण्यावरून गुडघ्याला कसलासा लेप लावला, तेव्हा मॅडमनी चार घरं पालथी घातली. लेप मुळात घोड्यासाठी होता. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण गुडघा धुतला.

एकदा शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी काचेची पूड घालायची, असा तिचा प्रोजेक्ट. त्याने ताकद एक्केचाळीस टक्के वाढते, असं तिने लिहिलं होतं आणि खाली अकरा शोधनिबंधांची यादी जोडली होती. अकराच्या अकरा जण कसे चुकतील, असं तिचं म्हणणं.

मॅडमनी तिला शेजारी बसवून एकेक निबंध उघडायला लावला. आठवा सातव्याचा हवाला देत होता, सातवा तिसऱ्याचा, तिसरा पहिल्याचा. पहिल्याने बोट दाखवलं होतं तीस वर्षांपूर्वीच्या एका निबंधाकडे, आणि तो नेटवर नव्हताच. मॅडमनी दुसऱ्या एका संस्थेतल्या ग्रंथपालाला पत्र धाडलं. आठ दिवसांनी पानं आली. तक्त्यात आकडा होता चौदा. पुढे कोणाच्या तरी हातून तो उलटा लिहिला गेला होता.

"अकरा जण बोललेच नव्हते," मॅडम म्हणाल्या. "एकाने मोजलं, एकाने चुकीचं उतरवलं, बाकीच्यांनी नुसती मान डोलावली."

मुलीचा चेहरा मात्र उतरला. यादीतला तो पहिला निबंध, जिथे आकडा उलटला, होता विभागप्रमुखांचा, म्हणजे तिच्याच मार्गदर्शकांचा. मार्क त्यांच्या हातात. मॅडमचीही पुस्तकांची प्रत्येक मागणी त्यांच्याच सहीने पुढे जायची. दोन दिवसांत त्या जेवणात दोनदा मीठ विसरल्या. तिसऱ्या दिवशी मुलीला वर्गात पाठवून त्या एकट्याच सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

सरांनी पानं दोनदा वाचली. हे किती जणांना ठाऊक आहे, असं त्यांनी विचारलं. तुम्ही धरून तिघांना, मॅडम म्हणाल्या.

मग सर हळूच म्हणाले, "मूळ निबंध मी वाचलाच नव्हता. मित्राच्या वहीतून उतरवून घेतलं होतं."

त्यांनी मुलीला बोलावून स्वतः काँक्रीटचे ठोकळे ओतायला सांगितले. अठ्ठावीस दिवसांनी, काँक्रीट पक्कं झाल्यावर, यंत्राखाली ते फोडले, तेव्हा वाढ भरली बारा टक्के. मुलगी हिरमुसली, पण सरांनी तिच्या वहीवर सही करताना हा आकडा तुझा स्वतःचा आहे, असं बजावलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आपला निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि टपालात टाकण्याआधी मॅडमना वाचायला दिलं.

चार महिन्यांनी ती दुरुस्ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापून आली. सरांनी ते पान मोठं करून विभागाच्या फलकावर लावलं. परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा त्याच्यापुढे जास्त गर्दी झाली.