ड्रमातली शेंगाचटणी

गच्चीवरच्या निळ्या ड्रमात स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायचा उद्योग मी मांडला, तेव्हा बायकोने एकच अट घातली होती. "वास आला, की ड्रम भंगारात."

दोन महिने मी राजा होतो. भाजीची देठं, केळीची सालं, धुतलेला चहाचा चोथा, चुरडलेली अंड्याची टरफलं आणि वर शेंगांच्या टरफलांचा कोरडा थर. सोलापुरात त्यांना काय तोटा! मटणाची हाडं, दूध आणि तेलकट उष्टं यांना प्रवेश बंद. घरी पाहुणे आले, की मी त्यांना जिना चढवून वर न्यायचो आणि नाटकाचा पडदा उघडावा तसं सावकाश झाकण उचलून आत सोडलेली माझी गांडुळं दाखवायचो.

आणि मग मी माती खाल्ली.

फडताळात बरणीभर शेंगाचटणी खवट झाली होती. फेकवेना. डोकं चाललं: शेतात शेंगदाण्याची पेंड घालतात की! चटणी म्हणजे तरी काय, तिखट-मीठ लावलेली पेंडच. अख्खी बरणी ड्रमात उपडी केली.

तिसऱ्या दिवशी बघतो तर सगळी गांडुळं झाकणाला चिकटलेली. खाली उतरायला एकही तयार नाही. आणि वास असा, की खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अवो, वर काय मेलंय का?"

बायको वर आली. "बोलावू भंगारवाल्याला?"

"अगं, मला वाटलं पेंडीसारखीच..."

"मिठात काय पिकतं हो?"

"आठ दिवस दे."

"चार."

तेलाने माखलेला थर मी थापीने खरवडून काढला. गांडुळं एकेक उचलून ओल्या मातीच्या घमेल्यात ठेवली, ड्रम धुतला, उरलेलं खत उन्हात मोकळं केलं. मग टरफलं आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला मिसळून सगळं पुन्हा भरलं आणि रोज खालीवर केलं. कंबर मोडली, पण हूं की चूं केलं नाही.

चौथ्या दिवशी बायको पदर खोचून आली. झाकण उचललं, नाक थेट आत घातलं. मी थापी धरून बाजूला उभा. झाकण लावून ती तडक खाली गेली. संपलं, म्हटलं, गेली फोन करायला.

ती परत आली ती सुपात मेथीची देठं घेऊन. बारीक चिरलेली. ती ड्रमात पसरली, वर मूठभर पाला टाकला आणि म्हणाली, "देठं अशी चिरून टाकतात. उद्यापासून मी बघते. तुम्ही झाकणाला हात लावायचा नाही."