ड्रायव्हरकाकांच्या पायांचं गाणं

कल्पना करा, एका उंच, धिप्पाड म्हाताऱ्याला तुम्हाला खोलीतून बाहेर न्यायचं आहे. काम एवढंच. दार सताड उघडं आहे. माणसाच्या पायांत ताकद आहे, हाडं शाबूत आहेत, बाहेर जायची इच्छाही आहे. पण दाराशी आलं की त्याचे पाय फरशीला असे चिकटतात, जणू कोणी खालून धरून ठेवलेत. हात धरून ओढलंत तर तो तोंडावर आपटेल. पाठीमागून रेटलंत तरी तेच. ओरडलात तर पाय आणखी घट्ट बसतात. समजावून सांगितलंत तर तो शहाण्यासारखी मान डोलावतो आणि तिथेच उभा राहतो. आता काय कराल?

माझी आत्या गाणं लावते.

आत्या फिजिओथेरपिस्ट आहे. कंपवात झालेल्या माणसांना चालतं ठेवणं हे तिचं आयुष्यभराचं काम. या आजारात पायांना ‘आता पुढचं पाऊल’ असं आतून सांगणारा ठेका हरवतो. तोच ठेका बाहेरून कानावर पडला तर पाय पुष्कळदा ऐकतात. उपचार केंद्रातले पेशंट तिला ‘तालमास्तर’ म्हणतात, आणि तोंडावर नुसतं ‘मास्तर’.

कुठलंही गाणं मात्र चालत नाही. आधी ती पेशंटला काहीही न लावता चालायला लावते आणि त्याच्या शेजारून चालते. पायांकडे बघत नाही, चपलांचा आवाज ऐकते. मग कपाट उघडते. ज्या गाण्यात गायक मध्येच एखादा सूर धरून रेंगाळतो आणि तबला थांबतो, ते बाद. तबला थांबला की पेशंटही थांबणार, एक पाय हवेत ठेवून. प्रत्येक गाणं ती आधी स्वतः केंद्राच्या लांब व्हरांड्यात चालून पाहते. म्हणून तिच्या कपाटात एकाच गायकाचं एकच गाणं दोन वेगवेगळ्या खणांत असायचं. एकदा सिनेमासाठी गायलेलं, एकदा म्हातारपणी कार्यक्रमात गायलेलं. ऐकणाऱ्याला ते एकच गाणं. आत्याला ती दोन औषधं.

हा संग्रह तिने स्वतः जमवला होता. कॅसेटी, सीडी, जुन्या दुकानांतून, घर आवरणाऱ्या नातेवाइकांकडून. आतोबा अजून सगळ्यांना सांगतात की लग्नानंतर दोघं फिरायला गेले, तेव्हा येताना त्यांचे शर्ट एका पिशवीत कोंबावे लागले, कारण बॅग कॅसेटींनी भरली होती.

मग केंद्रात नवीन व्यवस्थापक आले. माणूस वाईट नाही. सगळ्यांशी मऊ बोलतो, जिना चढणाऱ्याला आधी वाट देतो. पण त्यांना कपाटाची जागा हवी होती, नव्या यंत्रासाठी. त्यांनी केंद्रासाठी गाण्यांच्या एका ॲपची वर्गणी भरली आणि आत्याच्या हातात टॅबलेट ठेवून म्हणाले, मॅडम, जगातली सगळी गाणी आता यात आहेत, धूळ नाही, जळमटं नाहीत. कॅसेटींवरची नावं वाचून त्यांनी स्वागतकक्षातल्या मुलीकडून सगळी गाणी ॲपमध्ये शोधवूनही घेतली होती. जुना टेपरेकॉर्डर भंगारात गेला. आत्याने कॅसेटी खोक्यांत भरल्या आणि घरी आणून गॅलरीत रचल्या.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. नावं बरोबर, गायक बरोबर, पण ॲपने भलत्याच वेळी गायलेली गाणी काढून दिली होती. व्हरांड्यात कोणी धावायला लागलं, कोणी पेंगायला. आत्याने आठवडाभर बसून एकेक गाणं चालून तपासलं, जुनी रेकॉर्डिंग शोधून काढली आणि गाडी रुळावर आणली. इथवर ठीक होतं. नंतर तिने जे केलं त्याबद्दल ती अजून स्वतःला बोल लावते. पेशंटच्या घरच्यांनाही तिने सांगितलं, हेच ॲप घ्या, सोपं आहे, बटण दाबलं की झालं.

त्यात ड्रायव्हरकाका होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, आता उंबरठ्यावर अडकणारा. घरी ते आणि काकू दोघंच. काकू त्यांच्या खांद्याला लागतात, त्यांना उचलायचं म्हटलं तर दोघंही खाली. पण सकाळी काकूंनी फोनवर आत्याने निवडून दिलेलं गाणं लावलं की काका खोलीतून निघून, दार ओलांडून, बोळातून थेट मोरीपर्यंत आपल्या पायांनी जायचे. मजा म्हणजे ते गाणं त्यांना मुळीच आवडत नव्हतं. कुठल्या तरी जुन्या सिनेमातलं रडकं विरहगीत. ते म्हणायचे, “मला विचाराल तर कटकट आहे. पण पायांना कोण समजावणार?”

आणि एका सकाळी काकूंनी बटण दाबलं, तर गाण्याची ओळ राखाडी. खाली बारीक अक्षरांत, ‘हे गाणं सध्या उपलब्ध नाही’.

इथे मला थांबून सांगितलंच पाहिजे, कारण मी स्वतः सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आणि हे कसं होतं ते मला माहीत आहे. कुठेतरी दोन कंपन्यांमधला करार संपतो. कोणीतरी संगणकावर एका चौकटीतली खूण काढतं. त्या क्षणी लाखो फोनांवरून ते गाणं नाहीसं होतं. चोरी नाही, बिघाड नाही, सगळं नियमाप्रमाणे. तुम्ही पैसे भरत होता ते गाण्याचे नव्हतेच, गाण्यापाशी उभं राहू देण्याचे होते. हे त्या ‘मान्य आहे’च्या बटणाच्या वर लिहिलेलंही असतं, कोणी वाचणार नाही इतक्या लांबलचक मजकुरात.

बरं, गाणं गेलं आणि शांतता झाली असती तरी काका दारात नुसते उभे राहिले असते. पण ॲपला शांतता खपत नाही. त्याने आपणहून ‘याच्यासारखं’ गाणं सुरू केलं. गायक तोच, पण लग्नाच्या वरातीचं, घाईचं. काकांचे पाय निघाले. छोटी छोटी पावलं, एकापुढे एक, आवरेनात. ते मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळले. कपाळाला टाके, मनगटाला प्लास्टर.

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावाहून आला. त्याचं बोलणं ऐकून राग यावा असं काही नव्हतं. तो म्हणाला, बाबांना उचलताना आईची कंबर गेली तर मी कोणाकोणाकडे बघू. त्याने एका शुश्रूषागृहात चौकशी केली होती. प्लास्टर निघेपर्यंत वाट बघू, बाबा स्वतः मोरीपर्यंत गेले तर ठीक, नाहीतर जागा घेऊन टाकू, असं त्याने ठरवलं.

आत्या भेटायला गेली तेव्हा काका खुर्चीत बसून होते. म्हणाले, “मास्तर, इतकी वर्षं बस चालवली, कधी कोणाला ठोकली नाही. आणि घरातल्या घरात ठोकली बघा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिथे खाटेला कठडे असतात. मी बघून आलोय, आमचा एक कंडक्टर होता तिथे.”

त्या दिवशी आत्या माझ्याकडे आली ती तणतणतच. आम्ही ॲपच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर देणारं यंत्रच होतं, आणि ते फार गोड होतं. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो, म्हणालं. तुम्हाला आवडतील अशी आणखी गाणी सुचवू का, म्हणालं. आत्याने माझ्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि टाइप केलं, “त्यांना गाणं आवडत नाही हो. त्यांना ते लागतं.” यंत्राने तिला विरहगीतांची मोठी यादी पाठवली.

केंद्रात व्यवस्थापकांनीही हळहळ व्यक्त केली आणि दुसरं ॲप घेऊ या म्हणाले. आत्याने विचारलं, आणि त्यांचा करार कधी संपतो? ते हसले. तिला ते हसणं फार लागलं. ती नंतर मला म्हणाली, हा माणूस गोळ्यांचं कपाट असं भाड्याने घेईल का, ज्यातल्या गोळ्या मालक सकाळी येऊन काढून नेतो आणि जागी दुसऱ्याच ठेवतो?

मग आम्ही गॅलरीतली खोकी उघडली. वरच्या खोक्याला ओल लागून काही कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली होती. आत्या एकेक कॅसेट पुसत होती आणि प्रत्येकीवर कोणीतरी चालून गेलेलं तिला आठवत होतं. ही शिक्षिकाबाईंची, ही त्या दंतवैद्याची, तो चालताना मोठ्याने गायचा आणि अख्खा व्हरांडा बेसूर करायचा. काकांची कॅसेट खालच्या खोक्यात, कोरडी, सापडली. पण वाजवायची कशावर? घरच्या टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. मी तो काडीने खरवडून काढला, शिलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडून जुळता पट्टा आणला, बसवला. गाणं लागलं. आवाज स्वच्छ, पण नव्या पट्ट्याने चाल घाईची. आत्या हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून थांबली आणि म्हणाली, यावर तर ते पुन्हा आपटतील.

असल्या यंत्राच्या मोटारीला मागे एक बारीक भोक असतं. आत स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. माझ्याकडे ठोके मोजणारा प्रोग्रॅम होता, पण मोजून जुळवायचं कशाशी? ॲपवरचं गाणं तर गायब. शिवाय पडल्यापासून काकांची चालही बदलली असणार. आत्या म्हणाली, मशीन घे, स्क्रूड्रायव्हर घे, त्यांच्या पायांवरच लावू.

आम्ही काकांच्या घरी गेलो तोवर प्लास्टर निघालेलं होतं. काका खोलीच्या मध्यभागी उभे, आत्या त्यांच्या बगलेशी, काकू पलंगाच्या कडेला. मी स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून जमिनीवर बसलेली, स्क्रूड्रायव्हर भोकात. मुलगा भिंतीला टेकून, हाताची घडी. त्याच्या चेहऱ्यावर अजिबात विश्वास नव्हता, आणि त्याचं चूकही नव्हतं.

गाणं सुरू झालं. काकांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला पाय घाईला आले. आत्या म्हणाली, कमी कर. मी कमी केलं. गायक दारू प्यायल्यासारखा झाला. काका म्हणाले, “अगं, एवढा ब्रेक नको मारू, मागची गाडी येऊन धडकेल.” काकू हसल्या, तशी खोलीतली भीती जराशी सैल झाली. मी केसभर वाढवलं. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा थोडं कमी. आत्या आता फक्त चपलांचा आवाज ऐकत होती. मग तिने माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. बस, हात काढ.

काका दाराशी आले. तिथे त्यांचं अंग एकदा थरथरलं आणि ते थांबले. गाणं चालूच होतं, पुढचा ठेका आला आणि त्यांनी पाय उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवला. मग दुसरा. बोळातून त्यांच्या चपलांचा आवाज मोरीपर्यंत गेला आणि नळ सोडल्याचं ऐकू आलं.

मुलाने घडी सोडली. “परत एकदा लावा,” तो म्हणाला. परत लावलं, काका परत आले. तिसऱ्यांदा त्याने स्वतः बटण दाबलं. संध्याकाळी त्याने शुश्रूषागृहाला फोन करून सध्या जागा नको म्हणून कळवलं. ‘सध्या’ हा शब्द त्याने जपून वापरला, आणि काकांनीही तो ऐकला.

त्याच वेगात मी गाणं उतरवून घेतलं, एका छोट्या प्लेयरमध्ये टाकलं. त्याला एकच मोठं बटण आहे. त्याला इंटरनेट नाही, त्याला कोणी काही सुचवू शकत नाही. दोन नकला वेगळ्या ठेवल्या, एक काकूंच्या कपाटात, एक आत्याकडे. नंतर आम्ही बाकीच्या कॅसेटींनाही हात घातला, अजून ते चालूच आहे. खोकी केंद्रात परत गेली. व्यवस्थापकांनी परवान्याचा प्रश्न काढला, तेव्हा आत्याने सांगितलं की यातली प्रत्येक कॅसेट कोणीतरी पैसे मोजून विकत घेतलेली आहे, तुमच्या वकिलांना खुशाल विचारा, तोवर माझे पेशंट चालतील. जिन्याखालची जागा मिळाली.

मला वाटलं, विषय संपला. पण वर्ष सरता सरता काकूंच्या फोनवर त्या ॲपकडून रंगीबेरंगी अभिनंदन आलं. वर्गणी बंद करायची राहून गेली होती. चमचमत्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘या वर्षी तुम्ही सर्वांत जास्त ऐकलेलं गाणं’. खाली तेच विरहगीत, चित्रासकट, आणि पुढे, तुम्ही ते कित्येक महिने जवळजवळ रोज, सकाळी, त्याच वेळी ऐकलंत, तुम्ही या गाण्याच्या सर्वांत निष्ठावान श्रोत्यांपैकी आहात. त्या चित्रावर बोट दाबलं, तर राखाडी ओळ.

काकूंनी ते कौतुकाने आत्याला दाखवलं. आत्याने मदतकेंद्राला पुन्हा लिहिलं. त्या गोड यंत्राने गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तिने परत लिहिलं, परत दिलगिरी. आता ती मला विचारते, मी त्याच धंद्यातली म्हणून.

“रोज सकाळी त्याच वेळी तेच गाणं कोणीतरी लावतंय, हे त्यांना दिसत होतं ना? मग काढायच्या आधी त्या माणसाला एक ओळ लिहायला त्यांना काय झालं होतं?”