सुखरामच्या करदोड्याचं बटण

अड्याळच्या सुखरामला स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नसे, पण धानाच्या बांधीत पाणी सोडायचं राहिलं, हे मात्र दिवसातून दहादा आठवे. मग तो उठून चालू लागे. घरामागंच बोडी, धानाला पाणी पुरवणारं लहान तळं, काठोकाठ भरलेली. म्हणून त्याची बायको कुंताबाई दुपारी उंबरठ्याशी आडवी निजायची. बाहेर पडायला तिला ओलांडावं लागे आणि ती जागी होई.

लेक प्रितम नागपूरला कॉम्प्युटरच्या कामात. आईचे हे हाल त्याला पाहवेनात. ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर त्यानं घरी आणला आणि घरावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम त्यात बसवला. बटणाएवढं, पाण्यानं न बिघडणारं एक यंत्र बापाच्या करदोड्याला बांधलं. अंगावरचं सगळं काढून फेकणारा सुखराम करदोड्याला तेवढा हात लावत नसे. तो अंगणाबाहेर गेला की घरात घंटी वाजणार.

"प्रोग्राम कंटेनरमंधी चालते माय," प्रितमनं समजावलं. "म्हंजे कॉम्प्युटरच्या आत एक बंद डब्बा समज. बाकी काही बिघडलं तरी डब्ब्यातलं चालू राह्यते."

"मंग मी आतमंधी झोपू?"

"झोप ना बिनघोर."

पोरगं हुशार, यात वाद नाही. फक्त वीज जाऊन आली की कॉम्प्युटरसोबत डब्बाही आपोआप सुरू व्हावा, ही एक ओळ त्यानं लिहिली नव्हती. सगळं तपासलं ते नागपूरच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या भरवशावर. आभाळ गडगडलं की आपली आई आधी मेन स्विच पाडते, हे त्या घरात वाढलेल्या पोराला आठवू नये, याचा राग येतो.

भादव्यातल्या एका दुपारी आभाळ गडगडलं. कुंताबाईनं मेन पाडला, उघडीप झाल्यावर परत वर केला. कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लागलेला बघून ती आत खाटेवर आडवी झाली. घंटी काही वाजली नाही. सुखराम बोडीत सापडला.

संध्याकाळी प्रितम पोचला आणि रडायच्या आधी कॉम्प्युटरसमोर बसला. कॉम्प्युटर चालू होता, डब्बा बंद. त्यानं ती राहिलेली ओळ लिहिली, डब्बा सुरू केला. आता कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मागून आई म्हणाली, "मीच मेन पाडला बाबू. माह्याच हातानं झालं."

चूक माझी आहे, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण बाया जमल्या होत्या. नंतर सांगू, असं त्यानं स्वतःला बजावलं. याला भेकडपणाच म्हणायचं.

सकाळी तिरडी उचलली. करदोड्याचं बटण काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. विस्तवाचं मडकं धरून प्रितम पुढं चालला होता. तिरडी अंगणाबाहेर पडली आणि घरात घंटी वाजू लागली.

बायांच्या घोळक्यातून कुंताबाई धडपडत उठली आणि दाराकडे धावली.

"प्रितम, धर ना बाबू त्याईले. थे बाहेर जाऊन राहिले."